आकृती क्रमांक चार

आमच्या कंपनीत एक माणूस सव्वीस वर्षं बाण काढत होता. धनुष्यातले नव्हेत, कागदावरचे. पाण्याच्या फिल्टरच्या खोक्यात एक माहितीपत्रक असतं, जे तुम्ही खोकं फोडताना बाजूला ठेवता आणि जे परत कधी सापडत नाही. त्यातले बाण. झाकण या दिशेने फिरवा. तोटी या बाजूने घट्ट करा. टाकी अशी उचला, अशी उचलू नका. 'अशी उचलू नका'वरची फुलीही त्यांचीच. पण फुलीकाका बरं दिसत नाही म्हणून असेल, सगळे त्यांना बाणकाका म्हणायचे.

छपाई विभागाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी त्यांचं उतरतं टेबल होतं. उतरत्या टेबलाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्यावर कुणी चहाचा कप ठेवू शकत नाही, असं ते सांगायचे. वरच्या खिशात तीन पेन्सिली. त्या ब्लेडने तासायचे आणि छिलके एका जुन्या झाकणात गोळा करायचे. झाकण आमच्याच फिल्टरचं, नापास झालेलं.

मी नवीन होतो तेव्हा एकदा त्यांना विचारलं होतं, "काका, बाणाचं टोक एवढं बारीक का काढता?"

"जाड टोक रागावल्यासारखं दिसतं रे. सकाळी सकाळी स्वयंपाकघरात माणसाला कशाला रागवायचं?"

हे सगळं मी कौतुकाने लिहितोय असं वाटेल. कौतुक आहेच. पण ज्याला कौतुक करायचा हक्क उरलेला नाही त्याने ते केलं की कसं दिसतं, ते पुढे कळेलच.

माझं काम तक्रारींचं. म्हणजे तक्रारी करायचं नव्हे, ते फुकट करतो; तक्रारींना उत्तरं द्यायचं. छोट्या गावातल्या शाळेत मी अक्षर आणि निबंध या दोन गोष्टींत पहिला यायचो. बाकी कशात कितवा यायचो ते विचारू नका. तेवढ्या भांडवलावर शहरात नोकरी मिळत नाही. ती मिळाली मामामुळे. मामाचा जुना मित्र आमच्या कारखान्यात साचे विभागाचा प्रमुख होता. कारखान्यात त्याला हातोडा म्हणायचे, कारण तो कानात बोलला तरी बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं. मामाने हातोड्याकडे शब्द टाकला, हातोड्याने साहेबांकडे, आणि मी खुर्चीत. त्या दिवसापासून हातोडा जिन्यात समोर आला की मी उगाचच भिंतीला चिकटायचो.

महिन्याला चाळीसेक पत्रं एकाच तक्रारीची यायची: पाण्यात काळी पूड येते. कारण आम्हाला पाठ होतं. फिल्टरच्या आत एक नळकांडं असतं. त्याच्या एका टोकाला कोळशाची पूड, दुसऱ्या टोकाला ती अडवणारं कापड. कापड खाली पाहिजे. उलटं बसवलं की पूड पेल्यात. आता हे नळकांडं दोन्ही टोकांनी हुबेहूब सारखं दिसायचं, जुळ्या भावांसारखं. सरळही बसायचं आणि उलटंही तितक्याच सुखाने बसायचं. माझं उत्तर ठरलेलं: 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. कृपया माहितीपत्रकातील आकृती क्रमांक चार पाहावी.' आकृती चार म्हणजे नळकांडं, आणि त्याच्या पोटावर बाणकाकांचा खाली जाणारा बाण.

पत्रं लिहिणारे लोक फार सभ्य असतात. निम्म्या पत्रांची सुरुवात 'चूक माझीच असणार, पण' अशी असायची. मी ते वाचायचो आणि खाली आकृती चार लिहायचो. आमच्या आईचा फोन आला तेव्हाही मी हेच केलं. पहिल्या पगारात तिला मीच फिल्टर पाठवला होता.

"अरे, तुझ्या त्या टाकीतून काजळी पडतेय."

"आई, आकृती चार बघ. बाण बघ."

"बघितला रे. पण मी भांडं धरलं की कागद ओला होतो, कागद धरला की भांडं घसरतं. मला नाही जमत तुमचं हे. मी अडाणीच."

"अडाणी काय त्यात? नीट बघायचं फक्त."

असं म्हणालो मी. नीट बघायचं फक्त.

तर एका दुपारी बाणकाका माझ्या टेबलाशी आले. हातात दोन कागद. त्यावर नळकांडं, वरून, बाजूने आणि कापून, सगळं मापात. एका टोकाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा, आणि ते ज्या बैठकीत बसतं तिथे त्याच मापाची खाच. उलटं घालायला गेलं तर उंचवटा अडणार, बसणारच नाही. खाली चार ओळी: 'बाण कितीही मोठा काढला तरी ओल्या हातांनी कुणी कागद वाचत नाही. मी हा बाण अकरा वेळा बदलला आहे. आता भांड्यानेच सांगावे. असे केल्यास आकृती क्रमांक चारची गरज राहणार नाही.'

"हे कुठून सुचलं, काका?"

"घरातून. काल आमच्या हिने नळकांडं बदललं. सव्वीस वर्षं ही बाई माझे बाण बघतेय. मी कागद पसरून बसलो की वर येऊन विचारते, हा बाण कुठे चालला? आणि तिनेच उलटं बसवलं. मी ओरडलो. तर म्हणाली, एका हातात टाकी आहे, दुसऱ्या हातात हे आहे, तुमचा कागद काय दातात धरू?"

"मग?"

"मग काय! रात्रभर तिच्याशी बोललो नाही आणि सकाळी कळलं की बरोबर ती होती. हे तुझ्या महिन्याच्या अहवालाला जोड. तुझा अहवाल सरळ साहेबांकडे जातो. माझा कागद छपाईवाल्यांकडून वर जायला निघाला तर वाटेतच म्हातारा होईल."

"पण बाणच नको झाला तर तुम्ही काय काढणार?"

"फुल्या," असं म्हणून ते गेले.

मी त्या कागदांवर आवकचा शिक्का मारला, तारीख घातली, आणि मग मला हातोडा आठवला. खाच पाडायची म्हणजे साचा बदलायचा. साचा हातोड्याचा. म्हणजे साहेबांच्या हातात जो कागद जाणार त्याचा अर्थ, हातोड्याच्या साच्यात खोट आहे; आणि तो कागद पाठवणारा मी, ज्याला हातोड्याने चिकटवला. मामाला काय वाटेल? म्हटलं, हा महिना राहू दे, पुढच्या अहवालाला जोडू. पुढच्या महिन्यात वाटलं, त्याच्या पुढच्या.

माझ्या टेबलाचा पुढचा डावा पाय तोकडा होता. शिक्का मारला की टेबल डुगडुगायचं आणि चहा बशीत उतरायचा. एक दिवस तो तक्रारवहीवरच उतरला. मी वैतागून ते दोन कागद चार वेळा दुमडले आणि पायाखाली सारले. अगदी बेतात बसले. टेबल गप्प झालं.

घाईत हाताला लागले ते घेतले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण टेबलाशेजारी गुडघाभर रद्दी होती. खरं कारण असं की कागद खणात असले की रोज खण उघडताना दिसायचे. पायाखाली गेले की दिसणार नाहीत. त्याला दीड वर्ष झालं.

बाणकाकांनी एकदाच विचारलं. "काय रे, वर काही बोलणं झालं का त्याचं?"

"विचाराधीन आहे, काका."

सरकारी शब्द मला निबंधामुळे चांगले यायचे.

मग एक दिवस साहेबांच्या डोक्यात आलं की आपली माहितीपत्रकं जुनाट दिसतात. काळी पूड त्यांच्याही कानावर होती, आणि माझ्या अहवालांमुळे त्यांचा पक्का समज झाला होता की दोष आकृतीचा. बाहेरचं कुणीतरी बघावं, म्हणाले. आधी एक मोठी एजन्सी आली. नऊजण. आठजण बोलले, नववा भिंतीशी बसून राहिला, आणि चित्रं तो काढणार होता असं त्यांची गाडी गेल्यावर कळलं. मग साहेबांच्या कुणा ओळखीतून एका लहानशा स्टुडिओची बहीणभावंडं आली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, माणसं तीन, त्यातली दोन ही. बहीण बोलायची, भाऊ हातातल्या वस्तू उलट्यासुलट्या करून बघायचा.

"मला ही बरी वाटतात," साहेब मला म्हणाले. "ज्या बाईशी बोललो तिच्याच बोटाला शाई होती. शिवाय कामापुरतं येतील, काम झालं की जातील, आपल्या राजकारणात पडणार नाहीत. तू एक करून दे, आपली अडचण काय आहे ते पानभर लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"आणि बाणकाका?"

"त्यांची दोन वर्षं राहिली ना? पत्रकं बाहेर गेली की त्यांना गोदामात बसवू. खोक्यांवर शिक्के मारतील. बसून काम, त्रास नाही."

मी तिथे दोन क्षण उभा राहिलो. ते दोन क्षण मी काहीतरी बोलणार होतो म्हणून नव्हते, दाराची कडी लागत नव्हती म्हणून होते. मग टेबलाशी येऊन पानभर लिहिलं. सहावी ओळ अशी: 'आमचे चित्रकार जुन्या वळणाचे असून त्यांच्या आकृत्या ग्राहकांस समजत नाहीत.' टेबल अजिबात हललं नाही. अक्षर सुंदर आलं.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओवाली बाई आली तेव्हा तिने माहितीपत्रक मागितलंच नाही. सहा कोरे फिल्टर मागितले, एक बादली पाणी मागितलं, आणि कार्यालयातली सहा माणसं मागितली.

"हात ओले करा आणि नळकांडं बसवा. कागद टेबलावर आहे, हवा तर बघा."

टंकलेखिका, हिशेबनीस, फाटकावरचा पहारेकरी, मी, छपाईतला एकजण, आणि उत्साहाच्या भरात स्वतः साहेब. कागदाला कुणी हात लावला नाही. चौघांचं उलटं बसलं. साहेबांचंही. माझं सरळ बसलं, पण इतकी वर्षं मी दुसरं काय वाचत होतो?

"साहेब, हे तुमचं," बाईने त्यांच्या पेल्यातलं काळं पाणी उजेडात धरलं. "आकृती चार बघितली होती का?"

"माझी आकृती आहे ती, मी काय बघायची!" साहेब म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

मला त्या दिवशी प्रथम कळलं की बाहेरचा माणूस कशाला आणतात. आतल्या कुणी साहेबांना बादलीत हात घालायला सांगितलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी कारण विचारलं असतं. तिने सांगितलं तर साहेब अस्तन्या दुमडून पुढे.

दुपारी ती बाणकाकांच्या टेबलाशी गेली. मलाही बरोबर नेलं, कारण 'तक्रारी तुम्हालाच माहीत'. काका उठून उभे राहिले. तिने खुर्ची नको म्हटलं, छिलक्यांचं झाकण उचलून बघितलं, आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं, का उलटं बसवतात?"

सव्वीस वर्षांत त्यांना हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नव्हता. त्यांनी खालचा खण उघडला. आत आकृती चारची अकरा रूपं, तारखेवार. मोठा बाण, लाल बाण, हातासकट बाण. आणि मागे, रुमालात गुंडाळलेला, आंघोळीच्या साबणाचा कोरलेला एक तुकडा. नळकांड्याचं टोक. कडेला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा.

भावाने तो साबण घेतला, फिल्टरच्या बैठकीवर फिरवला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताई, झालं की."

"झालंच आहे," बाई म्हणाली. "काका, हे तुम्ही कुणाला दाखवलं होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तेच जास्त लागलं. "साबण? हिला दाखवला होता. ती म्हणाली, नवी वडी होती."

बाईने मी लिहिलेलं पान बाजूला ठेवलं होतं. काकांची नजर त्यावर गेली. त्यांनी चष्मा वर करून सहावी ओळ वाचली. त्यांनी बोट न लावता, सगळा तळहात पसरून त्या ओळीकडे दाखवलं. "'समजत' मधला 'स' छान काढलायस. गाठ बघ किती नेमकी."

"काका, ते साहेबांनी..." मी म्हणालो.

"नाही नाही, मी अक्षराचं बोलतोय."

दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेब, हातोडा, बहीणभाऊ, काका आणि टिपणं घ्यायला मी. बाईने साबणाचा तुकडा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"आम्ही नवं माहितीपत्रक करणार नाही," ती म्हणाली. "त्याची गरज नाही. खाच आणि उंचवटा एवढंच करा. आणि ही कल्पना आमची नाही, या काकांची आहे. तुम्ही आम्हाला बोलावलं नसतंत तरी ती तुमच्याच खणात होती."

मी हातोड्याकडे बघायचं टाळत होतो. आता गर्जना होणार. आणि झालीच. "अहो काका! बैठकीत खाच पाडायची म्हणजे माझं अर्ध्या दिवसाचं काम. नळकांड्याच्या टोकाचा साचा तर असाही घासायला काढायचाय. मला सांगायचंत ना! एवढी वर्षं लोकांना काळं पाणी पाजलं आपण!"

अर्धा दिवस. मी टिपणात 'अर्धा दिवस' लिहिलं आणि पुढे मला काही लिहिताच येईना. ज्या माणसाच्या रागाला मी दीड वर्ष भिंतीला चिकटून घाबरत होतो, त्याला रागच यायचा नव्हता. तो बिचारा वाईट वाटून घेत होता.

"खरंच, काका," साहेब म्हणाले, "लिहून का नाही दिलंत?"

केबिनच्या दारातून माझं टेबल दिसतं. पुढचा डावा पाय तर अगदी स्पष्ट. काका पेन्सिल फिरवत राहिले. मी मनात म्हणत होतो, आता बोलायला हवं, आता बोलायला हवं. हे मी त्यांना म्हणत होतो की मला, आज सांगता येत नाही.

"राहून गेलं असेल," काका म्हणाले. "बोललो असेन कुठेतरी. लिहिलं नसेल."

"हेच बघा मॅडम," साहेब बाईंकडे वळले. "आपल्या माणसांकडे असतं सगळं, पण मांडता येत नाही. वर पोचवता येत नाही. म्हणून तुमच्यासारखे बाहेरचे लागतात."

तिने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, थोडं जास्तच वेळ. मी टिपणात लिहिलं: 'सबब, बाह्य स्टुडिओची उपयुक्तता सिद्ध झाली.' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शुद्ध वाक्य.

सोमवारी साहेबांनी मला एक हुकूम लिहायला दिला. आकृती चार आता लागणार नव्हती, उरलेली पत्रकं वर्षातून एकदा बाहेर करून घेतली जाणार होती, आणि 'लेखी मांडणीचा अभाव लक्षात घेता' बाणकाकांची पहिल्या तारखेपासून गोदामात बदली होती. 'लेखी मांडणीचा अभाव'. दोन कागद, तीन बाजूंनी चित्र, खाली माप.

मी मायना लिहिला. तारीख लिहिली. काकांचं पूर्ण नाव लिहायला लागलो आणि पेन थांबलं, कारण मला ते माहीत नव्हतं. तीन वर्षं एकाच कार्यालयात होतो. हजेरीपटात बघायला उठलो आणि उठता उठता खाली वाकलो.

कागद निघेनात. टेबल एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने ओढले. टंकलेखिका म्हणाली, "काय रे, काय हरवलं?" मी म्हणालो, "सापडलं." घड्या उलगडताना त्या फाटत होत्या. पायाचा चौकोनी काळा डाग नेमका खाचेवर. शिक्का मात्र शाबूत, तारखेसकट.

साहेबांनी कागद बघितले, शिक्का बघितला, दोनदा तारीख बघितली.

"हे तुझ्याकडे होतं?"

"हो."

"दीड वर्ष? कुठे?"

"टेबलाच्या पायाखाली, साहेब. टेबल डुगडुगायचं."

मी ओरडा खायला तयार होतो. नोकरी जाईल यालाही तयार होतो. मामाला काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं. साहेब हसायला लागले. टेबलावर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे आपण मॅडमना बोलावून, बादल्या भरून, जे शोधलं ते तुझ्या टेबलाखाली?" त्यांनी हुकूम फाडला, केराच्या टोपलीत टाकला आणि म्हणाले, "काकांना राहू दे तिथेच. नव्या भांड्यांची चर्चा असेल तेव्हा त्यांनाही बसवत जाऊ." मग दार उघडून हातोड्याला हाक मारली, "अहो, इकडे या, एक गंमत ऐका!"

ओरडले असते तर संपलं असतं. ती गंमत अजून चालू आहे. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा माझी सही घेताना विचारतो, "कागद वर पाठवू की खाली?"

काकांना मात्र मी स्वतः सांगायला गेलो. ते पेन्सिल तासत होते.

"काका, ते कागद मी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. तुझ्याकडे पत्रं द्यायला आलो, पेन्सिल पडली, उचलायला वाकलो. माझंच चित्र, आपण ओळखणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत? बैठकीत तरी!"

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "आधी वाटलं, चुकून गेला असेल, काढशील. मग वाटलं, घाबरलायस. नवीन पोरगा, कुणाच्या तरी शब्दावर आलेला. मीही आलो होतो तसाच. मग बरेच महिने गेले आणि मलाच लाज वाटायला लागली, की आता विचारलं तर तुला कसं वाटेल." त्यांनी छिलके झाकणात सारले. "आणि खरं सांगू? टेबल हलायचं थांबलं होतं. कुठेतरी उपयोगी पडत होता कागद."

हे शेवटचं त्यांनी हसत म्हटलं. पण त्याआधीचं वाक्य माझ्या अंगावर तसंच राहिलं. लाज माझी, आणि इतके महिने ती वाहिली त्यांनी.

"सही मात्र राहिलीच माझी," ते म्हणाले. "त्या कागदावर मी नाव घातलंच नव्हतं. वाटलं, बाणावरून कळेल."

मग त्यांनी खण उघडला आणि लाकडाची एक चकती काढून दिली. गुळगुळीत घासलेली, कडा गोल. "हे लाव पायाखाली. बत्तीस पदर म्हणजे तीन मिलिमीटर आणि वर थोडं. वजनाने दबतं ते धरून बरोबर तीन केलंय."

लाकूड जुनं दिसत होतं. कधी केलं, ते मी विचारलं नाही.

नवी नळकांडी निघाली. स्टुडिओच्या बाईने अहवालाच्या पहिल्या पानावर काकांचं पूर्ण नाव घातलं होतं. मला ते तिथून कळलं. माझी सहावी ओळ तिने अहवालात कुठेही वापरली नाही. एवढ्यानेच मला कळायचं ते कळलं. काकू म्हणे कार्यालयात फोन करून विचारत होत्या की साबणाच्या वडीचं काय झालं.

आईचाही फोन आला. आवाजात अगदी ऐट. "अरे, नवं नळकांडं बसवलं! कागद न बघता! एका फटक्यात! बघ, शिकले की नाही मी?"

"शिकलीस गं," म्हणालो.

तेव्हापासून मी एक काम चालवलंय, कुणी सांगितलेलं नाही. तक्रारवही काढून, काळ्या पुडीच्या जुन्या पत्त्यांवर एकेक पत्र लिहितोय. हाताने. रोज जेवणाच्या सुटीत चार होतात. काकांनी मजकूर बघितला आणि माझं 'विनम्रपणे कळविण्यात येते की' खोडून टाकलं. आता एवढंच आहे: 'चूक तुमची नव्हती. नळकांडं दोन्हीकडून बसत होतं. हे आम्हाला आधीच सांगितलं गेलं होतं.' शेवटच्या ओळीवर आमचं थोडं वाजलं. काका म्हणाले, तिची गरज नाही. ती मी ठेवली.

पहिलं पत्र आईचं लिहिलं. बाकीची गेली. ते अजून खणात आहे. खण मी रोज उघडतो, ते दिसतं, आणि टेबल अजिबात हलत नाही.